तो कधी आला नाही, ते सांग

पोलिसांना शिकवायला दुपारच्या जेवणानंतरचा तास घेऊ नये, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. सकाळची कवायत, त्यावर मेसचा वरणभात आणि डोक्यावर पंखा. समोरच्या हवालदारांचे डोळे उघडे असतात, पण आत कोणी नसतं. ताठ मानेनं बसल्या जागी झोपण्याची विद्या त्यांना नोकरीनं दिलेली असते. मला मात्र कायम दुपारचाच तास मिळायचा, कारण सकाळी कायद्याचे आणि गोळीबाराचे मास्तर असत. मी पडले बाहेरची, निवृत्त, त्यातून बाई. विषय तर असा लांबलचक, ‘इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे स्त्रियांचा पाठलाग : ओळख आणि प्रतिसाद’, की वेळापत्रकाच्या चौकटीत तो मावायचा नाही. सगळे त्याला पाठलागाचा तास म्हणत.

म्हणून वर्गात शिरल्या शिरल्या मी सांगते, “फोन काढा सगळ्यांनी.” निम्म्यांची झोप तिथेच उडते. फोन आत ठेवा म्हणणारे त्यांना रोज भेटतात, बाहेर काढा म्हणणारी मी एकटीच. मग नकाशाच्या ॲपमध्ये जायला लावते आणि आपण या क्षणी कुठे आहोत हे कोणाकोणाला दिसतंय, ते शोधायला सांगते. एकदा मागच्या बाकावरचे एक झुपकेदार मिशांचे हवालदार फोनकडे बघतच राहिले आणि एकदम म्हणाले, “आयला, मिसेस!”

त्यांची सगळी ये-जा त्यांच्या बायकोला कित्येक महिने घरबसल्या दिसत होती.

“म्हणजे मी ढाब्यावर टेकलो रे टेकलो, की हिचा फोन यायचा, येताना कोथिंबीर आणा म्हणून, तो असा होय!”

वर्ग हसून आडवा झाला. तेही हसले. मी विचारलं, “हे बसवायला त्यांना किती वेळ लागला असेल हो?”

“मी आंघोळीला गेलो असेन, तेवढा.”

“आणि हॅकर कुठून आणला?”

“हॅकर कशाला, मॅडम? माझा पासवर्ड पोरीची जन्मतारीख हे. तिला नाय ठाऊक असणार तर कोणाला?”

एवढं उत्तर मिळालं की माझा अर्धा तास शिकवून झालेला असतो. पोलिसांच्या डोक्यात इलेक्ट्रॉनिक म्हटलं की कुठेतरी परदेशात अंधाऱ्या खोलीत बसलेला, काळी टोपी घातलेला कोणी तरी असतो. खरा माणूस घरात जेवायला बसलेला असतो. बाईच्या बँकेच्या खात्याला त्याचा नंबर जोडलेला असतो, त्यामुळे तिनं कुठल्या एटीएममधून पैसे काढले ते त्याला लगेच कळतं. गाडी टोलनाक्यावरून गेली की संदेश त्याच्या फोनवर. तिचं व्हॉट्सॲप त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडं. तिला फोन घेऊन दिला त्यानंच, चालू करून दिला त्यानंच, मग किल्ली कोणाकडे राहणार?

मी मूळची दूरध्वनी खात्यातली. काळे, जड फोन होते तेव्हा नोकरीला लागले आणि फोन खिशात गेले तेव्हा बाहेर पडले. आमच्याकडे तेव्हा मुक्या फोनच्या तक्रारी यायच्या. घंटी वाजायची, बाईनं उचललं की पलीकडे नुसता श्वास. तक्रार आली की आम्ही त्या लाइनवर लक्ष ठेवायचो आणि बाईंना सांगायचो, काहीही करा पण रिसीव्हर खाली ठेवू नका, बोलत राहा. तोवर आमचा माणूस यंत्रांच्या रांगांमधून धावत जाऊन तो फोन कुठून आला ते हुडकायचा. हे काम मला भयंकर आवडायचं. कोण असेल, या एका प्रश्नासाठी मी डबा विसरायचे. एका डॉक्टरीणबाईंना असे फोन यायचे. त्यांनी गल्लीतल्या अर्ध्या पुरुषांवर संशय घेऊन झाला होता. फोन निघाला सख्ख्या भावाच्या कचेरीतून. त्याला विचारलं तर म्हणाला, “ती घरी आहे की नाही, एवढंच बघत होतो.” त्याला यात वावगं काय हेच समजेना. मला त्या उत्तराचं फार कुतूहल वाटलं होतं, आणि अजून ते गेलेलं नाही. एवढंच बघत होतो म्हणजे नेमकं काय बघत होता?

तर असा माझा पूर्वेतिहास. निवृत्तीनंतर ओळखीच्या एका अधिकाऱ्यानं विचारलं, शिकवाल का, आणि मी लगेच हो म्हटलं. घरी बसून शेजाऱ्यांच्या चौकशा करण्यापेक्षा हे बरं.

एका तुकडीत गांगुर्डे नावाच्या महिला हवालदार होत्या. सटाण्याकडच्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. पोलीस खात्यात यायच्या आधी शाळेत खो-खो खेळायच्या, आणि अजूनही चालताना आता पळतील असं वाटायचं. तास संपल्यावर त्या टेबलापाशी थांबल्या.

“मॅडम, एक बाई आमच्या ठाण्यात सारखी येते. म्हणते, नवरा पाळत ठेवतो. तिचा फोन तपासला, काही निघालं नाही. साहेब म्हणतात डोक्याचं प्रकरण आहे. मला नाही वाटत.”

“का नाही वाटत?”

“नाटक करणारी बाई इतकी कंटाळलेली नसते, मॅडम.”

हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी म्हटलं, “भेटवा मला तिला.”

तिला मी इथे मंगल म्हणते, खरं नाव नाही ते. वय तिशीच्या आसपास. माहेर पेठ रस्त्याला, सासर दिंडोरीकडे. नवऱ्याची द्राक्षबाग, शिवाय हंगामात दुसऱ्यांचा माल वाहायला दोन-तीन पिकअप गाड्या. मारझोड सहन होईना म्हणून ती घर सोडून निघाली होती. कोर्टात घटस्फोटाचा दावा चालू होता. अंबडला एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी आणि जवळच भाड्याची खोली. नवरा आता मारत नव्हता. शिव्या नाहीत, धमक्या नाहीत, फोनसुद्धा नाही. फक्त उभा राहायचा. खोलीसमोर, कारखान्याच्या फाटकासमोर, भाजीबाजारात, दवाखान्याबाहेर. चहाचा पेला हातात घेऊन उभा राहायचा आणि ती दिसली की ओळखीचं हसायचा.

खोलीच्या मालकांनी या भानगडीपायी तिला जागा सोडायला लावली होती, एकदा नव्हे. आता कारखान्यानंही सांगितलं होतं, घरचं भांडण फाटकावर नको, महिनाअखेरपर्यंत मिटवा नाहीतर दुसरीकडे बघा. नोकरी गेली की खोली जाणार आणि खोली गेली की दिंडोरीला परत. त्याला तेवढंच हवं होतं. त्यासाठी त्याला बोटही उचलावं लागत नव्हतं.

आणि आमच्या पोलिसांनी काय केलं होतं? नवरा-बायकोची तक्रार ठाण्यात आली की आपल्याकडे पहिलं काम म्हणजे दुसऱ्या पार्टीला फोन. “या जरा, बसून मिटवू.” हे कोणी दुष्टपणानं करत नाही. गावात चार माणसं बसवून मिटवायची सवय, ती खाकीतही जात नाही. तसा नवरा आला, हात जोडून बसला, चहा प्याला. “साहेब, एकटी राहती. काळजी वाटती म्हणून लांबून बघून जातो,” म्हणाला. त्याच्यासमोरच कोणी तरी तिला विचारलं, “सध्या राहायला कुठे?” तिनं सांगितलं, लिहून घेणाऱ्यानं लिहून घेतलं, ऐकणाऱ्यानं ऐकून घेतलं. पुढे एका उत्साही शिपायानं ‘व्हायरस असेल’ म्हणून तिचा फोन फॉरमॅट करून दिला. त्याबरोबर नवऱ्याचे जुने धमकीचे सगळे संदेश पुसले गेले. जो काही पुरावा होता तो पोलिसांनीच धुऊन, वाळवून तिच्या हातात दिला.

त्यानंतर तिनं फोन बदलला, सिमकार्ड बदललं, नवी खोली शोधली. तिथेही आठवड्याच्या आत तो समोर हजर. कोर्टातल्या वकिलांना नवा पत्ता दिला नव्हता, माहेरीही नाही.

मी तिला माझ्या घरी बोलावलं. फोन कारखान्यातल्या कपाटात ठेवून ये, असं गांगुर्डेंमार्फत बजावलं, कारण माझाही सगळा संशय फोनवरच होता. जगाला सांगत फिरते की नवं यंत्र दिसलं म्हणून त्याच्याच मागे लागू नका, आणि स्वतः तेच करत होते. मंगल आली, स्कूटर फाटकाशी लावली, वर येऊन बसली. पाणी दिलं तर पेला दोन्ही हातांनी धरून बसली.

“म्याडम, माझ्या अंगातच काय बसवलंय का, अशी शंका येती. लहानपणी कान टोचले तेव्हापास्नंचं सगळं आठवून झालं. लोकं म्हणत्यात येडी झाली. मला पण तसंच वाटाया लागलंय.”

आम्ही बोलत होतो. अर्धा-पाऊण तास झाला असेल. गांगुर्डे खिडकीशी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मॅडम, इकडे या. उजेडात येऊ नका.”

समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीशी एक माणूस उभा होता. स्वच्छ पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. हातात चहा.

मंगल खिडकीशी आलीच नाही. आमच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. “आला ना?” एवढंच म्हणाली.

मला भीती वाटली, हे कबूल करते. माझ्या घरासमोर, माझ्या इस्त्रीवाल्याशी गप्पा मारत तो उभा होता. पण खरं सांगायचं तर भीतीच्या बरोबरीनं माझं सगळं अंग कुतूहलानं फुललं होतं. फोन अंबडला कपाटात होता. ती इथे येणार हे आम्हा तिघींशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मग याला कसं कळलं?

मी मंगलला परत बसवलं. आजवर तिला प्रत्येक पोलिसानं एकच प्रश्न विचारला होता, तो कधी कधी आला? आणि ती बिचारी तारखा सांगून दमली होती. मी म्हटलं, “ते राहू दे. तो कधी आला नाही, ते सांग.”

तिला प्रश्नच कळेना. “म्हंजी?”

“म्हणजे तू कुठे तरी गेलीस, आणि तो येईल म्हणून वाट बघत राहिलीस, पण आलाच नाही. असं कधी झालं?”

ती विचार करत राहिली. मग चाचपडत एकेक सांगू लागली. एकलहऱ्याला मावसबहिणीकडे राहून आली, तेव्हा आला नाही. बरोबरच्या बायकांसोबत वणीला देवीला गेली, तेव्हा आला नाही. नवरात्रात कालिकेच्या यात्रेत फिरली, तिथेही नाही, तिला वाटलं गर्दीत चुकला असेल.

“एकलहऱ्याला कशी गेलीस?”

“रिक्षानं. गाडी चालू होईना त्या दिवशी.”

“वणीला?”

“यष्टीनं.”

“आणि यात्रेला?”

“चालत. तिथं गाडी कुठं लावणार, म्याडम?”

गांगुर्डेंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मी विचारलं, “गाडी चालू होत नव्हती म्हणालीस, काय झालं होतं?”

“सारखंच होतं. दोन दिवस उभी ठेवली की बटन मारल्यावर नुसती कण्हती. नवी बॅटरी टाकली, ती पण उतरली. गॅरेजवाला म्हणतो गाडी जुनी झाली.”

टेलिफोनच्या नोकरीत एक गोष्ट हाडात मुरते. तार कोणी वापरत नसताना तिच्यातून वीज जात असेल, तर कोणी तरी ती खात असतं. उभी गाडी बॅटरी खाते याचा अर्थ तिच्यात असं काही तरी आहे, जे गाडी बंद झाली तरी झोपत नाही. मंगलला विचारलं, स्कूटर घेतली कधी? तर ती सासरहून आणलेली. तिच्या नावावर होती म्हणून घर सोडताना एवढी एकच मोठी वस्तू तिनं बरोबर आणली होती.

त्याच्यासमोर गाडी उघडण्यात अर्थ नव्हता. मंगल काहीच झालं नाही अशी खाली गेली, गाडी काढली आणि निघून गेली. थोड्या वेळानं तोही पेला ठेवून, चहाचे पैसे इस्त्रीवाल्याकडे देऊन गेला. मी नंतर इस्त्रीवाल्याला विचारलं, “कोण होता रे?” तर म्हणाला, “चांगला माणूस होता, काकू. द्राक्षाचा भाव सांगत होता.”

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या आवारात, व्यवस्थापकांची परवानगी घेऊन, दोन पंचांसमोर गाडी उघडली. गांगुर्डेंचे निरीक्षक साहेबही आले होते, बहुधा मला खोटं ठरवायला. मेकॅनिकनं हँडलखालचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. तारांच्या गुंत्यामागे काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली एक छोटी डबी होती, बॅटरीपासून तार ओढून तिला जोडलेली. एका कोपऱ्यात हिरवा दिवा लुकलुकत होता.

गांगुर्डेंच्या तोंडून घरची अहिराणी निघाली, “हाई काय शे?”

साहेब वाकून बघत होते. मी सांगितलं. या डबीत एक सिमकार्ड असतं. गाडी कुठे आहे ते ती आकाशातल्या उपग्रहांवरून ओळखते आणि मोबाइलच्या जाळ्यातून मालकाला कळवत राहते. हिचा मंगलच्या फोनशी काही संबंध नाही. तिनं शंभर फोन बदलले असते तरी हिला फरक पडला नसता. वस्तू मुळात वाईट नाही. हंगामात माल भरलेली पिकअप कुठे अडकली ते कळावं म्हणून बागाईतदार ती सर्रास बसवतात.

मंगल तिथेच गाड्यांच्या मधल्या जागेत खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. पण ती रडत होती आणि हसतही होती. “म्हंजी मी येडी नाय,” ती म्हणाली. परत म्हणाली, “म्हंजी मी येडी नाय, म्याडम.” माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

साहेबांनी हुकूम सोडला, “काढा ते. आणि गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा करा.”

इथे मला मध्ये पडावं लागलं. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्याशी संबंधित जप्त वस्तू. एकदा गाडी ठाण्याच्या आवारात गेली की तिच्यावर वेल चढेपर्यंत ती परत येत नाही. गुन्हा नवऱ्यानं केला आणि गाडी बायकोची गेली, मग ती कामावर जाणार कशी? दुसरं असं, की तार उपटली त्या क्षणी त्याच्या फोनवर संदेश जातो. तो सावध होणार, ॲप पुसून टाकणार. आतलं सिम कोणा मजुराच्या नावावर निघालं तर तो म्हणणार, माझा काय संबंध?

“मॅडम, तुमचा तास संपला ना?” साहेब म्हणाले.

“अजून घंटा झाली नाही, साहेब.”

ते हसले, हे त्यांच्या मोठेपणाचं. मग मंगलकडे वळून त्यांनी तिला विचारलं, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना बाकी सगळं माफ केलं. “तुम्ही सांगा ताई. आज काढू, की एक-दोन दिवस राहू देऊ?”

मंगलनं वाकून त्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. “राहू द्या,” ती म्हणाली. “पण मी त्या गाडीवर बसायची नाय.”

“मी बसते,” गांगुर्डे म्हणाल्या.

मग आम्ही अशी जागा शोधली, जिथे जायचं मंगलला काही कारण नाही आणि त्यालाही नाही. त्र्यंबक रस्त्यावरची एक रोपवाटिका ठरली. सकाळी मंगल कारखान्यात कामावर होती. गांगुर्डेंनी साधा पंजाबी ड्रेस घातला, चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळला आणि तिची स्कूटर घेऊन निघाल्या. साहेब, पंच आणि दोन साध्या वेशातले शिपाई आधीच रोपांच्या रांगांमध्ये पांगले होते. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी आपली कढीपत्त्याचं रोप घ्यायला गेले होते.

फार वाट बघावी लागली नाही. पांढऱ्या पिकअपमधून तो उतरला, स्कूटर कुठे लावली आहे ते पाहिलं, रस्त्यापलीकडच्या रसवंतीशी गेला आणि उसाचा रस घेतला. मी त्याला पहिल्यांदाच इतकं निवांत न्याहाळलं. मला त्याच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं वाटलं होतं, निदान काही लपवाछपवी. त्यातलं काही नव्हतं. शाळा सुटायची वाट बघणाऱ्या बापाचा चेहरा असतो तसा त्याचा चेहरा होता. अधूनमधून फोनवर नजर टाकायचा आणि परत रस प्यायचा. त्या डॉक्टरीणबाईंच्या भावाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तोही असाच दिसत असणार.

साहेब त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. “काय, इकडे कुठे?”

साहेबांना ओळखून तो जरा गडबडला. “रोपं बघाया आलतो. गुलाब.”

“बाग सोडून गुलाब? फोन बघू.”

फोन हातातच होता आणि नकाशा उघडा होता. पंचांनी पाहिला, साहेबांनी पाहिला, आणि साहेबांनी खूण केली म्हणून मलाही बघायला मिळाला. नकाशावर छोट्या छोट्या गाड्यांची चित्रं होती. दिंडोरीजवळ एक ट्रॅक्टर, पिंपळगावच्या वाटेवर एक पिकअप, प्रत्येकाखाली त्याचं नाव, ट्रॅक्टर, मोठी पिकअप, असं. त्र्यंबक रस्त्यावर, आम्ही उभे होतो बरोबर तिथे, एक चित्र होतं आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, मंगल.

साहेबांनी फोन परत पंचांपुढे धरला आणि ते नाव लिहून घ्यायला लावलं.

“नवरा हे मी तिचा,” तो म्हणाला. “काळजी नको करायला?”

तोवर गांगुर्डे रस्ता ओलांडून आल्या होत्या. त्यांनी स्कार्फ सोडला. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “काळजी होती तर बॅटरी उतरली तेव्हा ढकलायला यायचं होतं.”

पाठलागाचं कलम लागलं. पहिल्या वेळेला या कलमात जामीन मिळतो, तसा त्यालाही मिळाला, मंगलच्या आसपास फिरकायचं नाही या अटीवर. डबी आणि त्याचा फोन जप्त झाले, गाडी मंगलकडे राहिली. गुन्ह्याची प्रत पाहून कारखान्यानं मुदतीची भाषा सोडली. बाईंची बाजू इतकी खरी होती तर आधी सांगायचं, असंही वर ऐकवलं. ती वर्षभर तेच सांगत होती.

खंत एकच वाटते. पुढच्याच बदल्यांमध्ये गांगुर्डे वाहतूक शाखेत गेल्या. आता द्वारका चौकात शिट्टी फुंकत उभ्या असतात. रिक्षातून जाताना मी दिसले की कडक सॅल्यूट ठोकतात आणि माझा रिक्षावाला दचकतो. त्यांच्या जागी आलेले हवालदार सज्जन आहेत, मला फोन करतात आणि विचारतात, “मॅडम, एका बाईचा फोन आलाय तपासायला, फॉरमॅट मारू का?” मी डोळे मिटते, मोठा श्वास घेते आणि पहिल्यापासून सांगायला लागते. शिकवणं हे असंच असतं, आणि कदाचित त्यामुळेच मला अजून बोलावतात.

परवा एका रविवारी सकाळी मंगलचा फोन आला.

“म्याडम, आज सुट्टी. गाडी घेऊन बाहेर आलीय.”

“वा! कशी चालते गाडी?”

“एका बटनात. लय लांब आली मी. म्हटलं एकदा बघावं, जाता येतं का.”

तिच्या मागे वारा होता. पाणी असावं, कोणी तरी काही तरी ओरडून विकत होतं, लांबून एक घंटा ऐकू येत होती. जन्मभर तारेतले आवाज ऐकलेला माझा कान आपोआप टवकारला. आणखी थोडं ऐकलं असतं तर मी जागा ओळखली असती. प्रश्न तर जिभेवर येऊन बसलाच होता. आपण सगळे फोनवर पहिलं तेच विचारतो, काही मनात नसतानाही.

“कोणालाच सांगितलं नाय मी, कुठं चालली ते,” मंगल म्हणाली. “तुमाला सांगू का?”

मी फोन कानापासून जरा लांब धरला.

“नको,” मी म्हटलं. “काही खाल्लंस का?”

“नाय अजून. भेळ खाईन म्हणती.”

“खा. तिखट सांग.”

ती हसली आणि तिनं फोन ठेवला. ती कुठे होती, ते मला आजही माहीत नाही.